गाडी जागी ठेवायचा हिवाळा

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी इथली घड्याळं एक तास मागे जातात आणि दुपारी साडेचारलाच आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत संध्याकाळ येऊन बसते. त्या रविवारी मी मागच्या अंगणात मोटरसायकल धुवायला काढतो. आधी कोमट पाणी, मग मऊ ब्रश, मग जुन्या बनियनचं फडकं. चेनला तेल, टायरमध्ये हवा आणि टाकी गळ्यापर्यंत भरलेली, म्हणजे आत ओल धरून गंज चढत नाही. कामाला तसा तास पुरतो, मला तीन लागतात. माझी बायको वैशाली म्हणते, मी गाडी धूत नाही, गाडीशी गप्पा मारत बसतो. तिचं अर्धं बरोबर आहे. गप्पा मारतो, पण गाडीशी नाही.

सगळं झालं की सीटखालून बाहेर काढलेली दोन वायरींची शेपटी चार्जरला जोडतो. चार्जरवर आधी लाल दिवा लागतो, मग पिवळा, आणि सगळं ठीक असेल तर दुसऱ्या दिवशी हिरवा. तो हिरवा ठिपका मग मार्चपर्यंत आमच्या अंगणात मुक्कामाला असतो. सकाळी अंधारात चहा ठेवताना दिसतो, संध्याकाळी स्टेशनवरून चालत घरी आल्यावर अंधारातच दिसतो. इंग्लंडातल्या ह्या रीडिंग गावात हिवाळ्यात आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही, पण हा दिसतो, आणि मला उगाच बरं वाटतं.

ह्या वर्षी त्या रविवारी नागपूरहून बाबांचा व्हिडिओ कॉल आला तेव्हा माझे हात ग्रीसनं काळे झाले होते. त्यांनी फोनमध्ये डोळे बारीक करून विचारलं, "लावली का चार्जिंगला?"

"लावली."

"आणि खिडकी?"

"खिडकी आता उघडी ठेवावी लागत नाही बाबा. बाहेरच सॉकेट करून घेतलं."

ते नुसतं हं म्हणाले आणि नातीची चौकशी करू लागले. फोन ठेवल्यावर मी तिथंच उलट्या बादलीवर बसून राहिलो. शेजारच्या घरातून भाजलेल्या मटणाचा वास येत होता, ओल्या पानांचा येत होता, आणि माझ्या हातांना पेट्रोलचा. तीन वर्षांपूर्वीचा तो अख्खा हिवाळा त्या तिन्ही वासांतून अंगणात उतरला.

बॅटरी ही मोठी विचित्र वस्तू आहे. वापरली तर टिकते, जपून नुसती ठेवली तर संपते. गाडी झोपलेली असली तरी तिच्यातलं घड्याळ, अलार्म, असं काहीबाही थेंबथेंब पीतच असतं, आणि थंडी त्याला हातभार लावते. चार-सहा आठवडे कुणी लक्ष दिलं नाही की एक दिवस बटण दाबल्यावर आतून फक्त 'कट्' असा कोरडा आवाज येतो. बाहेरून गाडी तशीच, चकचकीत, कालच्यासारखी. आत मात्र काही उरलेलं नसतं. मला हे सगळं इथं येऊन, वयाच्या चाळिशीत कळलं, कारण मी किकच्या गाडीवर वाढलो.

ती किकची गाडी बाबांची. बाबा शिक्षक होते. आम्ही काटोलच्या बाजूला राहायचो आणि त्यांची शाळा घरापासून अकरा किलोमीटरवर होती. मी लहानपणी टाकीवर बसायचो, त्यांच्या दोन हातांच्या मधे. फेब्रुवारीत संत्र्याच्या बागा फुलायच्या, आणि एका वळणापासून दुसऱ्या वळणापर्यंत रस्ता नुसता वासाचा असायचा. त्या वासात बाबा गाडीचा वेग कमी करायचे. मला टाकीची ऊब आठवते, पोटऱ्यांना लागणारी, आणि डोक्यावर त्यांची हनुवटी मधूनच टेकायची ते आठवतं.

रोज सकाळी ते गाडीवरचं गोणपाट काढायचे, दोन किका मारायचे आणि पाच मिनिटं गाडी नुसती चालू ठेवायचे. चहाचा कप हातात, मान एका बाजूला कललेली. गाणं ऐकावं तसे इंजिन ऐकायचे. शाळेला सुट्टी असली तरी हे चुकायचं नाही. मे महिन्यात सकाळऐवजी भर दुपारी आम्ही झोपलेलो असताना अंगणात गाडी पाच मिनिटं धडधडायची आणि थांबायची, आणि आई झोपेतच म्हणायची, "झालं ह्यांचं." बाबांचं एकच मत होतं, उभी गाडी मरते. तिला रोज जागं करावं लागतं. त्या गाडीची बॅटरी हॉर्न आणि मागच्या दिव्यापुरती होती, ती मेली काय नि जगली काय, किक मारली की गाडी सुरू. त्यामुळे बाबांचं मत कधी खोटं पडलं नाही.

सतराव्या वर्षी मी त्याच गाडीवर शिकलो. बाबा मागे बसायचे आणि बोटानं माझ्या खांद्यावर ठोका द्यायचे. एक ठोका म्हणजे गिअर बदल, दोन म्हणजे हळू. पुढच्याच वर्षी मी पुण्याला शिकायला गेलो, तिथून नोकरीला, आणि तिथून कंपनीनं पाठवलं म्हणून इकडे. ती गाडी बाबांनी निवृत्त झाल्यावर शाळेच्या शिपायाला देऊन टाकली. मला फोनवर सांगितलं तेव्हा हवापाण्याचं सांगावं तसं सांगितलं.

इथं मोटरसायकलचं लायसन्स काढणं म्हणजे नव्यानं सून होण्यासारखं आहे. वीस वर्षं चालवलेली असो की तीस, पिवळं जॅकेट घालून मैदानात कोनांमधून आठाचा आकडा काढून दाखवावा लागतो, आणि कानातल्या रेडिओतून कोणीतरी सारखं चुका सांगत असतं. मी दुसऱ्या खेपेला पास झालो. मग एक नऊ वर्षांची जुनी गाडी घेतली, फार मोठी नाही, फार लहान नाही, हिरव्या टाकीची. वैशालीनं विचारलं, "तुला ट्रेन आहे, आपल्याला कार आहे, मग हे कशाला?" मी मिडलाइफ क्रायसिस म्हणालो, म्हणजे तिनं पुढे विचारू नये. खरं कारण सांगायची मला लाज वाटली.

खरं कारण एवढंच होतं की मला बाबांना माझ्या मागे बसवून न्यायचं होतं. एकदा. रीडिंगमधून निघून पँगबोर्नवरून, नदी उजव्या हाताला ठेवून गोरिंगपर्यंत. दहा-बारा मैलांचा रस्ता आहे. दोन्हीकडून झाडं वाकलेली, मधेच नदी दिसते, मधेच लपते. शेवटी पूल, पुलाखाली बंधाऱ्याचा आवाज, आणि पलीकडे चहाचं दुकान. पहिल्यांदा मी त्या रस्त्यानं गेलो तेव्हा एका वळणावर माझा वेग आपोआप कमी झाला. वास कसलाच नव्हता, पण माझ्या डोक्यावर कुणीतरी हनुवटी टेकवेल असं वाटलं. तेव्हापासून हे मनात होतं.

बाबा आले ऑक्टोबरात. आई जाऊन दोन वर्षं झाली होती. व्हिसा उशिरा मिळाला, त्यामुळे सहा महिने मिळाले तेही नेमके काळोखाचे. हीथ्रोवर मी त्यांची बॅग घेतली तेव्हा ते पहिलं वाक्य बोलले ते असं, "मिलिंद, हे शेवटचं बरं का बाबू. एवढा वेळ विमानात बसणं आता जमत नाही." मी हसून म्हटलं, "आल्याबरोबर काय जायचं बोलता?" पण M4 वर घरी येताना मी मनातल्या मनात मोजणी सुरू केली. मार्चच्या अखेरीस परतीचं तिकीट. त्याआधी एक दिवस मला हवा होता, कोरडा, उजेडाचा, रस्त्यावर बर्फ धरू नये म्हणून टाकतात ते मीठ नसलेला, आणि माझ्या सुट्टीचा. इंग्लंडच्या हिवाळ्यात असा दिवस म्हणजे नशिबाचीच गोष्ट.

आणि तो दिवस उगवेल तेव्हा गाडी चालू व्हायला हवी होती. म्हणून मी त्या वर्षी बॅटरीच्या मागे हात धुवून लागलो. अंगणात सॉकेट नव्हतं. एक्स्टेन्शन लीड स्वयंपाकघराच्या खिडकीतून बाहेर काढायची, आणि खिडकी दोन बोटं उघडी ठेवायची. त्या दोन बोटांतून अख्खा नोव्हेंबर आत आला.

"मिलिंद, आपण रीडिंगचं आख्खं आकाश हीट करतोय," वैशाली म्हणाली. "बिल बघितलंस का?"

"थोडे दिवस गं. ट्रिकल चार्ज आहे, थेंबथेंब जातो, कंटिन्युअस लागतं."

"गाडीला कंटिन्युअस लागतं. माणसांचं काय?"

बाबा कानटोपी घालून त्याच खिडकीपाशी पेपर वाचत बसलेले असायचे. ते म्हणायचे, "राहू दे वैशाली, मला काही होत नाही."

शनिवारी दुपारी आम्ही टेबलावर नकाशा पसरून बसायचो. फोनमधला नको, कागदाचा. बाबा बोटानं रस्ता चालायचे. ही नदी म्हणजे तीच का, लंडनची? इथं झाडं कोणती? पुलावर उभं राहू देतात का? चहात दूध घालून देतात की वेगळं? बाहेर धुकं असायचं, समोरचं घरही दिसायचं नाही, आणि ह्या घरात एक म्हातारा माणूस बोटानं पँगबोर्न ओलांडत असायचा. मी ऑफिसात मीटिंगमध्ये असतानाही कधी कधी त्या रस्त्यावर असायचो. पाठीमागे वजन वाटायचं. वळणावर ते वजन कुठल्या बाजूला कलेल याचा विचार करताना कोणीतरी विचारायचं, मिलिंद, युअर थॉट्स? मला काय थॉट्स असणार?

वजनाची मला खरंच काळजी होती. मागे माणूस बसवायची सवय मोडली होती. म्हणून नोव्हेंबरातल्या एका दुपारी मी वीस किलोचं बासमतीचं पोतं मागच्या सीटवर पट्ट्यांनी आवळून बांधलं आणि गल्लीत चार चकरा मारल्या. शेजारी कीथ राहतो, निवृत्त प्लंबर, त्याच्याकडे स्वतःच्या तीन मोटरसायकली आहेत. तो कचऱ्याचा डबा बाहेर काढत होता. पहिल्या चकरेला त्यानं पाहिलं, दुसरीला डबा ठेवून पाहिलं, तिसरीला हात करून थांबवलं आणि गंभीरपणे विचारलं की डिलिव्हरीचं काम सुरू केलंस का. मी त्याला सगळं सांगितलं. गाडी घेण्याचं जे कारण वैशालीला दोन वर्षांत सांगितलं नव्हतं ते कीथला एका मिनिटात सांगितलं. तो म्हणाला, तुझे वडील तांदळापेक्षा हलतील जास्त. आणि मग म्हणाला, बॅटरी सांभाळ.

डिसेंबरात बाबांना खोकला झाला. छातीतून येणारा, जिन्यापर्यंत ऐकू जाणारा. त्या दिवशी मीच खिडकी लावून घेतली, लीड गुंडाळली, चार्जर जिन्याखालच्या कपाटात टाकला. बाबांनी विचारलं, "अन् गाडी?" मी म्हटलं, "दर पंधरा दिवसांनी बॅटरी काढून घरात आणीन आणि चार्ज करीन. सोपं आहे." एकदा आणली. मग ख्रिसमस आला, मग ऑफिसात सॉफ्टवेअरचं नवं रिलीज आलं, आणि मी आणीन म्हणालो तेवढ्यावरच माझं समाधान झालं.

खोकला आठ दिवसांत गेला. जानेवारी आला, रोज एकसारखा. पहाटे मीठ टाकणारे कौन्सिलचे ट्रक जायचे आणि रस्ते पांढरे व्हायचे. अशा रस्त्यावर गाडी काढली की मीठ तिची हाडं खातं. मी रोज हवामान बघायचो. आमची साई अकरा वर्षांची, जन्म इथलाच, तिनं एकदा जेवताना विचारलं, "आजोबा, बाईक विंटरमध्ये झोपतो का, हेजहॉगसारखा?"

"झोपते बेटा. पण फार नाही झोपू द्यायचं," बाबा म्हणाले आणि हसले. मीही हसलो. त्या हसण्यात मला काही विशेष दिसलं नाही.

आणि फेब्रुवारीत तो दिवस आला. शनिवार. पडदा सरकवला तर आकाश निळं, आधीच्या दोन दिवसांच्या पावसानं रस्त्यावरचं मीठ धुतलेलं, रात्री दंव पडलेलं पण नऊपर्यंत सगळं कोरडं होईल असा उजेड. मी वरच्या मजल्यावर बाबांना हाक मारली, "बाबा, आज!" वैशालीनं थर्मास भरला. मी हेल्मेटं काढली, अंगणात जाऊन कव्हर काढलं, किल्ली फिरवली, बटण दाबलं.

कट्.

पुन्हा दाबलं. कट्. डॅशबोर्डवरचे दिवे एकदा मंद झाले आणि गेले.

"असं कसं?" वैशाली दारात येऊन म्हणाली. "काल दुपारी तर चालू झाली होती ना."

"काल दुपारी कोणी चालू केली?"

"बाबांनी. तू ऑफिसात असलास की ते रोज तीन वाजता करतात. मी वर्क फ्रॉम होम असते तेव्हा ऐकते ना. मला वाटलं तूच सांगितलंयस."

कुंपणापलीकडून कीथनं डोकं वर काढलं. त्यालाही रोजचा आवाज माहीत होता, त्यालाही वाटलं होतं की मी नंतर चार्जर लावत असणार. त्यानं हळू आवाजात समजावलं. थंडीत एकदा स्टार्टर फिरला की बॅटरीतलं पुष्कळ जातं, आणि पाच मिनिटं जागेवर चालवून त्यातलं जेमतेम थोडं परत येतं, हेडलाइट सतत जळतो तो वेगळाच. रोज थोडं थोडं करत बॅटरी रिकामी झाली आहे. त्यानं मीटर लावून आकडा बघितला आणि मान हलवली.

तोवर बाबा मागच्या दारात आले होते. अंगावर माझं जॅकेट, गळ्यात मफलर. मी त्यांच्यावर ओरडलो. आयुष्यात पहिल्यांदा. "बाबा, कोणी सांगितलं होतं तुम्हाला? इथं ते चालत नाही! किकची गाडी आहे का ही? एक दिवस होता, एकच दिवस, तो गेला!"

बाबा म्हणाले, "खिडकी माझ्या खोकल्यापायी बंद झाली ना. म्हटलं, उभी राहून..." आणि आत गेले. मी पाहिलं, त्यांनी मफलरची नीट चार पदरी घडी केली आणि खुर्चीच्या पाठीवर ठेवली.

बॅटरी काढून मी स्वयंपाकघरात पेपरावर ठेवली आणि चार्जर लावला. दोन दिवस लाल दिवा गेला नाही. तिसऱ्या दिवशी नवी बॅटरी मागवली. ती आली, बसवली, खिडकी पुन्हा दोन बोटं उघडली, आणि पाऊस लागला. तीन आठवडे लागला. आडवा, उभा, बारीक, सगळ्या तऱ्हेचा. आमच्या घरात मुलगा बापाची माफी मागत नाही, चहा आणून देतो. मी त्या तीन आठवड्यांत बाबांना पुष्कळ चहा दिला. त्यांनी तो सगळा प्यायला. अंगणात मात्र ते पुन्हा गेले नाहीत. वैशाली एकदा म्हणाली, "दुपारी तीनला घर किती शांत असतं रे आता." मी लॅपटॉपमधून वर बघितलं नाही.

मी त्या दिवसांत एकच विचार करायचो. बाबांनी आपलं सगळं आयुष्य मला कुठे ना कुठे नेऊन सोडण्यात घालवलं. शाळेत, दवाखान्यात, परीक्षेच्या सेंटरवर, पुण्याच्या बसवर. आणि मला त्यांना एकदा दहा मैल नेता येत नाही. मला स्वतःची कीव यायची, आणि कीव आली की राग यायचा, आणि राग कोणावर काढायचा हे काही कळायचं नाही.

परतीचं विमान रविवारी होतं. आदल्या शनिवारी ऊन पडलं. अंगणाच्या कोपऱ्यात डॅफोडिल उमलली होती, कोणी लावली माहीत नाही, आमच्या आधीच्या घरमालकांनी लावली असतील. चार्जरवर हिरवा दिवा होता. बटण दाबलं आणि गाडी पहिल्या फटक्यात चालू झाली. मी ती बाजूच्या बोळातून पुढे रस्त्यावर आणली. वैशाली आणि साई फाटकात उभ्या राहिल्या. कीथ त्याच्या दारात. बाबा आले, जॅकेट, मफलर, हातमोजे आणि डोक्यावर वैशालीनं नीट बसवून दिलेलं हेल्मेट. मी गाडीवर बसलो, दोन्ही पाय जमिनीवर घट्ट रोवले आणि म्हटलं, "बसा बाबा."

मागे काही हललं नाही.

"मिलिंद, बंद कर थोडं."

मी बंद केली. वळून पाहिलं. बाबांचा एक हात सीटवर होता. त्यांनी उजवा पाय उचलला. तो पावदानाच्या उंचीपर्यंत आला, तिथं थांबला, आणि परत खाली गेला.

"वरून जात नाही पाय माझा," ते म्हणाले. "खुबा साथ देत नाही. डिसेंबरात पाहून घेतलं होतं मी. खोकला गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी. तू ऑफिसात होतास. दोनदा करून पाह्यलं. दुसऱ्यांदा पडलोच असतो, हँडल धरलं म्हणून वाचलो."

मला एकदम आठवलं, ते जिना एकेक पायरी चढायचे, मोजे पलंगावर बसून घालायचे, त्याला वेळ लागायचा. मी ते सगळं वयावर ढकलून मोकळा झालो होतो.

"मग सांगितलं काहून नाही?" मी म्हणालो. इतक्या वर्षांनी माझ्या तोंडून गावाकडचा शब्द आला.

"तू तांदळाचं पोतं बांधून फिरत होतास रे. कसं सांगू?" त्यांनी हातमोजा काढून टाकीवर हात ठेवला. "म्हणून मग रोज दुपारी चालू करत होतो. बसता येत नाही, तर शेजारी उभं राहून ऐकायचं. पाच मिनिटं. नकाशा तर पाठच झाला होता. रोज गोरिंगला जाऊन यायचो मी."

कीथला भाषा कळली नाही, पण पाय थांबलेला त्यानं पाहिला होता. तो आत जाऊन त्याच्या कॅरव्हॅनमध्ये चढायची लोखंडी पायरी घेऊन आला. बाबांनी त्याला हात जोडले आणि मला म्हणाले, "चढवाल रे तुम्ही. उतरताना पडलो तर उद्याचं विमान कसं गाठू? राहू दे."

"बाबा, त्या दिवशी मी फार बोललो."

"बोललास," ते म्हणाले. "बॅटरी मेली होती ना. मी असतो तर मीही बोललो असतो."

मी उतरायला लागलो. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवून मला परत बसवलं.

"उतरू नको. तू जा."

"एकटा कुठे जाऊ?"

"इथंच. गल्लीला वळसा घालून ये. मी उभा राहतो." मग म्हणाले, "तुला शिकवलं तेव्हा मी मागं बसलेलो होतो. तुझी मान अन् पाठ दिसायची. मग तू निघून गेलास. माझा पोरगा गाडी चालवताना कसा दिसतो, मी पाह्यलंच नाही रे कधी. आज मागं बसलो असतो तर पुन्हा पाठच पाहिली असती. समोरून ये."

मी गेलो. आमच्या गल्लीचा वळसा म्हणजे चार डावी वळणं, टपालपेटी, बंद पब, लहान मुलांची शाळा. वरच्या टोकाला आलो तेव्हा खाली बाबा दिसले, कचऱ्याच्या हिरव्या-करड्या डब्यांच्या रांगेत फुटपाथच्या अगदी कडेला उभे. डोक्यावरचं हेल्मेट त्यांनी काढलं नव्हतं. पहिल्या फेरीला ते माझा क्लचचा हात बघत होते, शिक्षकाच्या नजरेनं. दुसऱ्या फेरीला ओरडले, "काच वर कर! चेहरा दिसू दे!"

तिसऱ्या फेरीला मी काच वर केली. उतारावरून सरळ त्यांच्याकडे आलो, आणि माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. वाऱ्यानं आलं असं म्हणायची सोय होती. पण आमच्या गल्लीत ताशी वीस मैलांच्या वर जाता येत नाही, आणि तेवढ्या वेगाला डोळ्यांत पाणी यावं इतका वारा लागत नाही. जन्मभर मोटरसायकल चालवलेल्या माणसाला हे सांगावं लागत नाही. बाबांनी हात वर केला, आणि मी चौथ्या फेरीला वळलो.